शाळा जवळचीच हवी!

‘लाडाने बिघडलाय.’ ‘मुलगे उशिराच बोलतात गं.’ ‘दिवसभर टीव्हीसमोर बसवत असेल आई.’ तीन वर्षांचं मूल बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, एकटंच खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत बसतं, की असे शेरे सुरू होतात. आणि बोट बहुतेक वेळा आईकडेच असतं.

हा दोष आईला देणं नवं नाही. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अशा ११ मुलांची नोंद केली. त्यानंतर कितीतरी वर्षं तिथले जाणते डॉक्टरसुद्धा ‘आईची माया कमी पडली’ असंच म्हणत. ते साफ खोटं ठरलं. ऑटिझम, म्हणजे आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो, ती मेंदूच्या वाढीतली वेगळी घडण आहे. ती आईमुळे येत नाही, अंगाऱ्याधुपाऱ्याने जात नाही. पण लवकर ओळखलं आणि नीट शिकवलं, तर मूल नक्की पुढे जातं.

खरी कसोटी लागते ती शाळेत. अंबरनाथ पश्चिमेला बुवापाड्यासारख्या वस्तीत सामाजिक कामानिमित्त जाते, तेव्हा आयांकडून एकच गाऱ्हाणं ऐकते. प्रवेश मिळतो, पण थोड्याच दिवसांत निरोप येतो, ‘हा वर्गात बसत नाही, तुम्ही याला स्पेशल शाळेत घाला.’ सांगणं सोपं आहे. स्पीच थेरपीसाठी मुलाला घेऊन लोकलने ठाणं, नाहीतर मुंबई गाठायची. गर्दी, भोंगे, धक्के. ज्या मुलाला मोठा आवाजच सोसत नाही, ते पोचेपर्यंत रडून थकलेलं असतं. आईचा दिवस गेला, कामाचा खाडा झाला. आठवड्यातून दोनदा हे कुणाला परवडणार? काही महिन्यांत थेरपी सुटते आणि मूल घरात बसतं.

म्हणूनच घराजवळची साधी शाळाच या मुलासाठी तयार व्हायला हवी. ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे आणि त्यात स्वमग्नता स्पष्ट लिहिलेली आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तोही जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीने. दिव्यांग आहे म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला नाही म्हणता येत नाही.

मग अडतं कुठे? शिकवणाऱ्यापाशी. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एकट्या बाईंनी काय काय बघायचं? त्यांनाही कुणी हे शिकवलेलं नसतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवण्याचे आदेश दिले. त्यानंतर पहिली ते पाचवीत दर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीत दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरलं. २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं, की पदं मंजूर करा आणि भरा.

पदं भरेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. बिनखर्चाच्याही कितीतरी गोष्टी आहेत. दिवसाचा क्रम चित्रांत काढून भिंतीवर लावायचा, आधी प्रार्थना, मग गणित, मग डबा. पुढे काय होणार हे कळलं, की मूल शांत राहतं. बसायची जागा रोज तीच, दारा-खिडकीपासून लांब. घंटेच्या आधी खांद्यावर हात ठेवून किंवा खूण करून सांगायचं (हात लावलेला चालत असेल तरच). सूचना एका वेळी एकच, थोड्या शब्दांत. फार गोंधळ झाला तर पाच मिनिटं बसायला एक शांत कोपरा. आणि वर्गातल्या मुलांना समजावून सांगायचं, की हा वेडा नाही, याची पद्धत वेगळी आहे. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात.

मैत्रिणींनो, आपल्या घरात किंवा शेजारी असं मूल असेल तर थांबू नका. वर्षाचं झालं तरी नावाला ओळख देत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, तर अंगणवाडीताईंना सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, त्यांना मुद्दाम दाखवा. दाखला आणि दिव्यांग ओळखपत्र करून घ्या. ‘निरामय’ योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. आणि शाळेशी बोलणं तोंडी ठेवू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा. राज्याचं दिव्यांग आयुक्तालय पुण्यात आहे, तिथे दाद मागता येते.

आणखी एक. नगरपरिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. नगरपरिषदेच्या एखाद्या शाळेतली एक खोली आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा थेरपिस्ट, एवढं त्यातून मागता येईल. बचत गटातल्या दहाजणींनी मिळून नगरसेवकाकडे गेलं, तर ऐकावंच लागतं.

दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ मध्ये मेरी बरुआ या एका आईनेच उभी केली. मुंबईतल्या ‘फोरम फॉर ऑटिझम’मागेही पालकच आहेत. जिथे काही उभं राहिलं, तिथे आधी घरातलं माणूस उठलं. आपल्याकडेही दोन-तीन घरं एकमेकींना धरून उभी राहिली, तर मुलाला लोकलच्या गर्दीत न्यावं लागणार नाही. ते पाठीवर दप्तर घेऊन गल्लीच्या टोकाच्या शाळेत जाईल, बाकी मुलांसारखंच.