कार्य कोठे करावे?

लग्न ठरले, याद्या झाल्या, पंचांग पाहून मुहूर्त निघाला, की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो कार्य कोठे करावयाचे हा. आपल्या आजोबांना हा प्रश्न पडत नसे. विवाह वधूच्या घरी व्हावयाचा, हे ठरलेलेच असे. दारापुढे मुहूर्तमेढ रोवली जाई, मांडव चढे, शेजारच्या घरी वरपक्षाला जानवसा मिळे. आणि ओसरी, चौक, माजघर, परसू आपापल्या कामाला लागत. आता घरे लहान झाली आणि घराने करावयाचे काम भाड्याच्या वास्तूकडे आले. म्हणून मंगल कार्यालय पाहावयास जाताना एक गोष्ट मनात धरावी. आपण नुसते सजवलेले दालन घेत नसतो, एका दिवसापुरते घर घेत असतो. घरात जे जे लागते ते ते तेथे आहे काय, एवढेच पाहावयाचे असते.

या उसन्या घराला ठिकठिकाणी निराळे नाव आहे. बेळगावकडे मंगल कार्यालयाच्या जोडीला कल्याण मंटप आहे, बडोद्यात ज्ञातीची वाडी किंवा पार्टी प्लॉट, इंदूर-ग्वाल्हेरीस धर्मशाळा आणि मॅरेज गार्डन, तर हैदराबादेस फंक्शन हॉल. गोव्यात देवस्थानाच्या आवारातील अग्रशाळा आणि सभागृहे अजूनही मंगलकार्यांना उपयोगी पडतात. नावाबरोबर रीतही बदलते, हे ध्यानात ठेवावे. माळव्यात वा गुजराथेत मोकळे पटांगण रात्रीच्या वरातीसाठी आखलेले असते. आपली लग्ने बहुधा दिवसाउजेडी लागतात. वैशाखातल्या दुपारी बाराच्या मुहूर्ताला तेच पटांगण पाहुण्यांना भाजून काढते. जागा पाहावयास जायचे ते म्हणूनच मुहूर्ताच्याच वेळी जावे.

जागेच्या आधी माणसांची संख्या ठरवावी. पुष्कळ घरी हे उलटे होते. मोठे सभागृह मिळाले म्हणून यादी वाढते, यादी वाढली म्हणून खर्च वाढतो, आणि शेवटी वधूपित्याच्या डोक्यावर कर्ज बसते. अक्षता टाकणारे सायंकाळी घरोघर जातात. कर्ज मात्र वर्षानुवर्षे घरातच राहते.

संख्या ठरली की सभागृहापेक्षा भोजनगृह अधिक बारकाईने पाहावे. समजा, जेवणारी माणसे ४०० आहेत आणि एका वेळी १०० पाने मांडता येतात. पंगत बसणे, वाढणे, उठणे, जागा पुसून पुन्हा पाने मांडणे, याला पाऊण तास तरी लागतो. चार पंगतींना तीन तास झाले. साडेबाराचा मुहूर्त धरून पहिली पंगत एकला बसली, तर शेवटची उठावयास चार वाजतात. शेवटच्या पंगतीला असतात ती घरचीच माणसे, सकाळपासून उपाशी राबलेली. तेच भोजनगृह २०० पानांचे असेल तर सारे दीड तासात आटोपते. हातात ताट घेऊन उभ्याने जेवण्याची पद्धत ठेवली तर जागा कमी लागते हे खरे, पण वृद्धांसाठी खुर्च्या-टेबलांची एक रांग राखून ठेवावी.

मग विधींचा विचार. लाजाहोमाला अग्नी लागतो. कित्येक वातानुकूलित सभागृहांत होम करू देत नाहीत, आणि हे ऐन वेळी कळते. भटजींना बरोबर नेऊन बोहले कोठे मांडायचे आणि धूर कोठून जाणार, हे आधीच विचारून घ्यावे. वधूवरांना स्वतंत्र खोल्या, पुरेसे पाणी, स्वच्छ शौचकूप, जिने न चढता आत जाण्याची वाट आणि वीज गेल्यास जनित्र, या गोष्टी झुंबरांहून महत्त्वाच्या आहेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट बाहेर पडण्याच्या वाटेची. १९९५ च्या डिसेंबरात हरियाणातील डबवाली येथे एका विवाहगृहात शाळेचा समारंभ चालू असताना मांडवाला आग लागली आणि चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत बहुतेक मुले व स्त्रिया होत्या. २००४ च्या जानेवारीत श्रीरंगम येथे लग्न चालू असताना वरच्या मजल्यावरील झावळ्यांचा मांडव पेटला. पन्नासाहून अधिक माणसे दगावली. त्यांत खुद्द वर होता. या दोन्ही ठिकाणी पेटाऊ छत आणि अपुरी वाट यांनी घात केला. दुसरे दार कोठे आहे, ते उघडते काय आणि त्याच्यापुढे खुर्च्यांचा ढीग तर रचलेला नाही ना, हे स्वतः जाऊन पाहावे. विचारण्यात संकोच कसला?

कायद्याचे म्हणाल, तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा स्थळाची अट घालत नाही. तो विधींकडे पाहतो. विधी न करता केवळ दाखला मिळवल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार विवाह करावयाचा असेल, तर तो विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत किंवा जादा शुल्क भरून तेथून वाजवी अंतरावरील अन्य जागी होऊ शकतो. मात्र त्याआधी ३० दिवसांची नोटीस असते. तेव्हा नोटीस आधी, सभागृह मागाहून. गोव्यात तर निबंधकापुढील नोंदणी हीच विवाहाची कायदेशीर बाजू. तिची तारीख सांभाळूनच देवळातली तारीख ठरवावी. आणि रात्री दहानंतर उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावण्यास २००० सालच्या नियमांनी मनाई आहे, हेही विसरू नये.

विसार देण्यापूर्वी सारे लिहून घ्यावे. किल्ली केव्हा मिळणार, जागा केव्हा सोडायची, भाड्यात भांडी, वीज, सफाई धरली आहे काय, आचारी बाहेरचा चालतो काय, आणि तारीख बदलल्यास पैसे किती परत मिळणार? चातुर्मास संपून तुळशीचे लग्न लागले की मुहूर्तांची घाई सुरू होते आणि चांगल्या जागा आधीच गेलेल्या असतात. त्या घाईत तोंडी बोलण्यावर विसंबलेला माणूस पुढे पस्तावतो.

एवढे पाहून झाल्यावर, मोजकीच माणसे बोलवायची असतील तर एकदा आपल्या घराकडेही नजर टाकावी. गच्ची आहे, अंगण आहे, शेजारी दोन खोल्या द्यायला तयार आहेत. असे असेल, तर ज्या उंबऱ्याशी मुलगी लहानाची मोठी झाली तेथूनच तिला निरोप देण्यात कमीपणा मुळीच नाही.