चिंचेची फांदी आणि खडूची खूण

कवठे येमाईला आमच्या घरामागे चिंचेचे एक जुने झाड होते. त्याची एक फांदी वाटेवर आडवी आली होती. शाळेतून येताना आम्ही मुले दप्तरे खाली टाकायचो आणि त्या फांदीला हात लावण्यासाठी उड्या मारायचो. माझे मोठे भाई सहज हात लावत. माझा हात चार बोटे कमी पडे. "तुझ्या पायांत उडीच नाही," असे ते म्हणत आणि मलाही ते खरे वाटे. पुढे एके दिवशी माझा हात फांदीला लागला. मला वाटले, आता आपल्याला उडी जमली. खरे म्हणजे माझी उडी होती तेवढीच होती. मी फक्त उंच झालो होतो. हा फरक कळायला मला शिक्षक व्हावे लागले.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत व्हॉलीबॉलचा संघ निवडायचा होता. मी दोन खांबांना दोरी बांधली आणि सांगितले, "ज्याचा हात दोरीला लागेल तो संघात." उंच मुलांचे हात लागले. आठवीतल्या एका ठेंगण्या मुलाने तीन वेळा उडी मारली, पण दोरी वरच राहिली. त्याने चपला घातल्या आणि तो वर्गाकडे निघाला. जाता जाता माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाला, "सर, तुम्ही उडी मोजली की उंची?"

मला उत्तर देता आले नाही. मी त्याला परत बोलावले आणि खडू आणायला सांगितले.

मुलांनो, जागच्या जागी, न धावता, सरळ वर मारलेल्या उडीला उभी उडी म्हणतात. ती मोजायला भिंत, खडू आणि मोजपट्टी एवढेच लागते. भिंतीला बाजू करून उभे राहा. टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवा. भिंतीकडचा हात वर ताणा आणि बोटे पोहोचतील तेथे खूण करा. मग बोटांना खडू लावा, उडी मारा आणि सर्वांत वर असताना भिंतीला स्पर्श करा. दोन खुणांमधले अंतर ही तुमची उडी. अमेरिकेतील व्यायामशिक्षक डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये अशा चाचणीविषयी लिहिले. तेव्हापासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

त्या दिवशी संघातल्या सर्वांत उंच मुलाचा हात उभ्याने २ मीटर १४ सेंटीमीटरवर पोहोचला आणि उडी मारून २ मीटर ४२ सेंटीमीटरवर. म्हणजे उडी २८ सेंटीमीटर. ठेंगण्या मुलाचा हात १ मीटर ८६ वरून २ मीटर २० वर गेला. म्हणजे ३४ सेंटीमीटर! माझ्या दोरीने त्याच्यावर अन्याय केला होता. व्हॉलीबॉलमध्ये उंचीला महत्त्व आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उंची आपल्या हातात नसते. उडी बरीचशी असते.

उडी वाढवायची तर ती कशी होते हे आधी समजून घेऊ. पाय जमिनीवरून सुटले की पुढे तुम्ही हवेत कितीही पाय झाडा, शरीर त्यामुळे जास्त वर जात नाही. उडीची उंची जमीन सोडण्यापूर्वीच ठरलेली असते. जमीन सोडताना शरीराचा वेग जितका जास्त, तितके ते वर जाते. ४५ सेंटीमीटर उडीसाठी हा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर लागतो. अशा उडीत माणूस वर जाऊन खाली येईपर्यंत अवघे ०.६ सेकंद हवेत असतो. हा वेग मिळवण्यासाठी आपण जमिनीला खाली रेटतो आणि जमीन आपल्याला तेवढ्याच जोराने वर रेटते. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही विज्ञानात शिकला आहात, तोच हा. रेटा देण्याचा वेळ अर्ध्या सेकंदाहूनही कमी असतो. म्हणून नुसती ताकद असून भागत नाही, ती झटकन वापरता आली पाहिजे. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन सावकाश चालणारा माणूस बलवान असतो, पण त्याची उडी मोठी असेलच असे नाही.

आता तंत्र पाहू. यात लवकर फायदा होतो, कारण अंगात असलेलीच ताकद आपण नीट वापरू लागतो. एक छोटा प्रयोग करा. गुडघे वाकवून खाली बसा, मनात तीन आकडे मोजा आणि मग उडी मारा. नंतर उभ्याने सुरुवात करा, झटकन खाली वाका आणि न थांबता लगेच वर उडी घ्या. बहुतेकांची दुसरी उडी जास्त उंच जाते. खाली वाकताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ताणले जातात. टाचेमागची जाड शीर तर बेचकीच्या रबरासारखी ताणली जाते. रबर ताणून लगेच सोडले तर खडा लांब जातो. आपण खाली थांबून राहिलो तर ताणाचा हा फायदा बराचसा वाया जातो. मात्र फार खोल बसू नका. खुर्चीवर बसताना गुडघे वाकतात त्यापेक्षा थोडे कमी वाकणे बहुतेकांना सोयीचे पडते.

दुसरी गोष्ट हातांची. कमरेवर हात ठेवून एक उडी मारा. मग हात मागे नेऊन, वाकताना खाली आणत, जोराने वर झोका देत दुसरी मारा. भिंतीवरच्या दोन खुणाच तुम्हाला उत्तर देतील. हातांच्या झोक्याने उडी साधारण दहा टक्के किंवा त्याहूनही थोडी वाढते. आमच्या शाळेत मुलींच्या तुकडीने हा प्रयोग केला, तेव्हा एक मुलगी दोन्ही वेळा सारखीच उडाली. मी नीट पाहिले. ती हात वर नेत होती खरी, पण पाय सुटून गेल्यावर! झोका पायांच्या रेट्याबरोबरच यावा लागतो. आठवड्याभरात तिला ते जमले. शेवटी घोटा सरळ होऊन पायाच्या बोटांनी जमीन ढकलली गेली पाहिजे. रेट्याचा क्रम नितंब, गुडघा, घोटा असा असतो.

ताकद मात्र आठवड्यात येत नाही. ती कमवावी लागते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. जोर, ताकद, कसरत, तालीम हे शब्द तुम्हाला शिकवायची गरज नाही. ते उर्दूतही आहेत आणि मराठीतही. आपल्याकडच्या तालमीत पहिलवान पिढ्यान्पिढ्या जोर-बैठका काढत आले आहेत. उडीसाठी बैठक हा उत्तम व्यायाम आहे. आठवड्यातून तीन दिवस, दहा-बारा बैठकांच्या तीन फेऱ्या पुरेत. ते सोपे वाटू लागले की एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवण्याची बैठक घ्या, कारण तिच्यात एकेका पायावर जास्त भार येतो. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर पंजे ठेवा आणि टाचा सावकाश वर-खाली करा. ताकद वाढवायची म्हणून पाठीवर जड वजन घेण्याची घाई करू नका. जाणता शिक्षक शेजारी उभा नसेल, तर वजनाला हातच लावू नये असे माझे मत आहे.

ताकदीबरोबर चपळाई यावी म्हणून उड्यांचाच व्यायाम करतात. दोरीवरच्या उड्या, छोट्या अडथळ्यावरून लागोपाठ उड्या, पायरीवर उडी मारून चढणे, असे त्याचे प्रकार आहेत. गेल्या शतकात सोव्हिएत संघातील प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी या पद्धतीचा खोलवर अभ्यास केला आणि पुढे ती जगभर पसरली. पण हा व्यायाम मिठासारखा आहे.

हे मी चुकून शिकलो. त्या आठवीतल्या मुलाचा उत्साह पाहून मी त्याला रोज शंभर उड्या मारायला सांगितल्या. मैदान कठीण मुरमाचे होते. तिसऱ्या आठवड्यात तो पायऱ्या चढताना कठडा धरू लागला. "काय झाले?" असे विचारले तर "काही नाही, सर," असे सांगून गप्प बसला. त्याला वाटले, दुखते म्हणून सांगितले तर संघातून नाव जाईल. त्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला सूज आली होती. डॉक्टर म्हणाले, वाढत्या वयात उड्या आणि धावणे फार झाले की या जागी ताण येतो, आता विश्रांती हेच औषध. सहा आठवडे त्याने उडी मारली नाही. दोष त्याचा नव्हता, माझा होता.

म्हणून आता मी उडी शिकवण्याआधी उतरणे शिकवतो. खाली येताना पंजे आधी टेकवावेत, मग टाचा, आणि गुडघे-कंबर वाकवून धक्का जिरवावा. गुडघे आत एकमेकांकडे झुकू देऊ नयेत. आवाज जितका कमी, तितके उतरणे चांगले. उड्यांचा व्यायाम आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये दोन दिवसांचे अंतर ठेवून, गवतावर किंवा मऊ मातीवर करावा. सुरुवातीला एका दिवशी चाळीस उड्या पुष्कळ झाल्या. पाय थकले, उडी खुजी होऊ लागली, की त्या दिवसाचे काम संपले. स्नायू व्यायाम करताना नव्हे, तर नंतरच्या विश्रांतीत, झोपेत आणि पोटभर जेवणावर बळकट होतात. आणि दुखले तर सांगावे. लपवू नये.

उतरण्याच्या जागेला किती महत्त्व असते, हे उंच उडीत फार स्पष्ट दिसते. उंच उडीत धावत येऊन एका पायावर उडी घेतात आणि आडवी काठी ओलांडतात. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉस्बरी या अमेरिकन खेळाडूने काठीकडे पाठ करून, डोके आधी नेत, २.२४ मीटर उडी मारली आणि सुवर्णपदक जिंकले. आज सगळे तशीच उडी मारतात. पण या पद्धतीत खेळाडू पाठीवर पडतो, म्हणून खाली जाड, मऊ गादी हवीच. वाळूत किंवा मातीत हा प्रकार कोणी करून पाहू नये.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात देवगाव नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी कुटुंबातला सर्वेश कुशारे शाळेत उंच उडी शिकू लागला, तेव्हा अशी गादी नव्हती. मक्याचे भुसकट भरून त्याच्यासाठी गादी तयार करण्यात आली. त्या भुसकटावर पडत तो शिकला. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने २.२७ मीटर उडी मारली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो उतरला, पण २.१५ मीटरच्या पुढे जाऊ शकला नाही आणि पात्रता फेरीतच थांबला. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत मात्र तो अंतिम फेरीत पोहोचला. पुरुषांच्या उंच उडीत तेथवर जाणारा तो पहिला भारतीय. त्याने २.२८ मीटर उडी मारली आणि सहावा आला. ही त्याची तोवरची सर्वोत्तम उडी होती. जरा हिशेब करा: २.२७ वरून २.२८. तीन वर्षांची मेहनत आणि एक सेंटीमीटर! पुरुषांच्या व्हॉलीबॉलचे जाळे २.४३ मीटर उंच असते. क्युबाच्या हाविएर सोतोमायोरने १९९३ मध्ये २.४५ मीटर उडी मारली. म्हणजे ते जाळे त्याने ओलांडले असते. त्याचा हा विश्वविक्रम इतक्या वर्षांत कोणाला मोडता आलेला नाही.

आमच्या त्या मुलाचा गुडघा बरा झाला. नंतर आम्ही बैठकांपासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी सावकाश. दर पंधरा दिवसांनी भिंतीजवळ जायचे, तीन उड्या मारायच्या आणि सर्वांत चांगली वहीत लिहायची. पहिल्या पंधरवड्यात ३३ आली. तो हिरमुसला. मग ३५. मग पुन्हा ३५. वर्ष संपताना ३९ आली. दोरीला त्याचा हात तेव्हाही लागला नसता. पण दोरी मी केव्हाच सोडून टाकली होती. तो आमच्या संघात मागच्या फळीत खेळला आणि जाळ्याजवळ आला की उंच मुलांच्या बरोबरीने उडी घेऊ लागला.

शाळेच्या त्या भिंतीला मागच्या उन्हाळ्यात रंग दिला. आता तिच्यावर पुन्हा खडूच्या खुणा झाल्या आहेत. सर्वांत वरची खूण सध्या दहावीतल्या एका मुलीची आहे.