एक कळ बिघडली तर?

कळफलकावरील एखादी कळ निकामी झाली, की नेटबँकिंगचा पासवर्ड पूर्ण उमटत नाही; तो वारंवार चुकल्यास प्रवेश रोखला जातो. अशा वेळी विंडोज १० व ११ या प्रणालींत विंडोज, कंट्रोल आणि ओ या कळा एकत्र दाबाव्यात. पडद्यावर कळफलक दिसतो व अडलेले अक्षर माउसने टिपता येते. मात्र शेजारी कोणी पाहत नसल्याची खात्री करावी.

बेंगळुरूतील एस. पी. रोड ही संगणकाच्या सुट्या भागांची प्रसिद्ध बाजारपेठ. तेथे वा अन्यत्र लॅपटॉप दुरुस्तीस देण्यापूर्वी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून टाकावेत. दुरुस्तीनंतर कळ तपासण्यास ‘नोटपॅड’ पुरेसे असते. त्यासाठी कारागिराला बँकेचा पासवर्ड सांगण्याचे कारणच नाही.