१९९० च्या दशकातील अंतराळगाथा मालिका

अंतराळगाथा किंवा स्पेस ऑपेरा हा विज्ञानकथेचा एक उपप्रकार आहे. ग्रहताऱ्यांमधील प्रवास, परस्परविरोधी साम्राज्ये, परग्रहवासी समाज, युद्धे आणि तह अशा विस्तीर्ण पटावर यातील कथा घडते. १९९० चे दशक हा दूरचित्रवाणीवरील अंतराळगाथांच्या भरभराटीचा काळ मानला जातो. स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन, स्टार ट्रेक: डीप स्पेस नाईन, बॅबिलॉन ५, स्टार ट्रेक: व्हॉयेजर, स्टारगेट एसजी-१ आणि फारस्केप या त्या काळातील प्रमुख इंग्रजी मालिका होत. भारतात याच दशकात दूरदर्शनवर कॅप्टन व्योम ही हिंदी मालिका प्रसारित झाली. या मालिकांपैकी श्रेष्ठ कोणती, हा चाहत्यांमधील जुना वाद आहे. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पाहायचा की संपूर्ण मालिका एक कादंबरी म्हणून, यावर त्याचे उत्तर बरेचसे अवलंबून असते.

संज्ञेचा उगम

स्पेस ऑपेरा ही संज्ञा अमेरिकी लेखक विल्सन टकर यांनी १९४१ मध्ये प्रथम वापरली. नभोवाणीवरील भावनाप्रधान कौटुंबिक मालिकांना सोप ऑपेरा आणि ठरावीक साच्याच्या घोडेस्वारपटांना हॉर्स ऑपेरा म्हणत. त्या धर्तीवर घासून गुळगुळीत झालेल्या अंतराळकथांना टकर यांनी हे नाव दिले. त्यामुळे ही संज्ञा मुळात हेटाळणीची होती. ई. ई. स्मिथ यांची १९२८ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली द स्कायलार्क ऑफ स्पेस ही कथा या प्रकाराच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक समजली जाते. स्टार ट्रेक (१९६६-६९) ही मालिका आणि स्टार वॉर्स (१९७७) हा चित्रपट यांच्या लोकप्रियतेनंतर या संज्ञेतील तुच्छतेचा अर्थ मागे पडला.

पार्श्वभूमी

मूळ स्टार ट्रेक मालिका ७९ भागांनंतर बंद झाली, परंतु पुनःप्रसारणातून तिचा प्रेक्षकवर्ग वाढत गेला. तिचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी १९८७ मध्ये द नेक्स्ट जनरेशन ही नवी मालिका सुरू केली. ती एखाद्या राष्ट्रीय वाहिनीला न देता निरनिराळ्या स्थानिक केंद्रांना स्वतंत्रपणे विकली गेली. या व्यवस्थेचा परिणाम कथेच्या रचनेवरही होत असे. पुनःप्रसारणात भाग कोणत्याही क्रमाने दाखवता यावेत आणि मध्येच एखादा चुकल्यास प्रेक्षकाचे अडू नये, अशी केंद्रांची अपेक्षा असे. म्हणून प्रत्येक भागात एक प्रश्न उभा राही व त्याच भागात सुटे. नव्वदच्या दशकात या पद्धतीला छेद देत अनेक वर्षे चालणारे सलग कथानक रुजू लागले.

प्रमुख मालिका

| मालिका | प्रसारणकाळ | भाग | कथेचे केंद्र |
|---|---|---|---|
| द नेक्स्ट जनरेशन | १९८७-१९९४ | १७८ | शोधमोहिमेवरील अंतराळयान |
| डीप स्पेस नाईन | १९९३-१९९९ | १७६ | सीमेवरील अंतराळस्थानक |
| बॅबिलॉन ५ | १९९४-१९९८ | ११० | राजनैतिक अंतराळस्थानक |
| व्हॉयेजर | १९९५-२००१ | १७२ | घरापासून दूर फेकले गेलेले यान |
| स्टारगेट एसजी-१ | १९९७-२००७ | २१४ | ग्रहांना जोडणारी प्राचीन द्वारे |
| फारस्केप | १९९९-२००३ | ८८ | फरारी कैद्यांचे सजीव यान |

द नेक्स्ट जनरेशन: पॅट्रिक स्टुअर्ट यांनी साकारलेला कॅप्टन पिकार्ड हा शस्त्रापेक्षा संवादावर विश्वास ठेवणारा नायक आहे. पहिली दोन पर्वे तुलनेने कच्ची मानली जातात. तिसऱ्या पर्वात मायकेल पिलर यांच्याकडे लेखनाची सूत्रे आल्यानंतर पात्रांच्या आंतरिक प्रवासाला महत्त्व आले. 'द इनर लाइट' या भागाला १९९३ मध्ये आणि अखेरच्या भागाला १९९५ मध्ये विज्ञानकथेसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

डीप स्पेस नाईन: ही मालिका यानाऐवजी एका स्थिर स्थानकावर घडते. शेजारचा बजोर ग्रह दीर्घ परकीय अंमलातून नुकताच मुक्त झाला आहे, तर जवळच्या कृमिविवरातून, म्हणजे अवकाशातील दोन दूरस्थ ठिकाणे जोडणाऱ्या बोगद्यातून, नवा शत्रू येतो. यान पुढच्या ग्रहाकडे निघून जाते. स्थानकाला मात्र आपल्या निर्णयांच्या परिणामांसह तेथेच राहावे लागते. यामुळे धर्म, सहकार्य व विश्वासघात, युद्धातील नैतिक तडजोड हे विषय मालिकेत वारंवार येतात.

बॅबिलॉन ५: जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनी ही मालिका आरंभ, मध्य आणि शेवट ठरवून पाच वर्षांची एकच कथा म्हणून आखली. ११० पैकी ९२ भाग त्यांनी स्वतः लिहिले. चौथ्या पर्वानंतर मालिका बंद पडेल अशी चिन्हे दिसल्याने मुख्य कथानक त्या पर्वात घाईने आवरते घेण्यात आले. पुढे दुसऱ्या वाहिनीने पाचवे पर्व स्वीकारले. चौथ्या पर्वाची घाई आणि पाचव्याचा विस्कळीतपणा या दोन्ही आक्षेपांचे मूळ या घटनेत आहे. या मालिकेला १९९६ व १९९७ अशी सलग दोन वर्षे ह्यूगो पुरस्कार मिळाला. अंतराळातील दृश्यांसाठी छोट्या प्रतिकृतींऐवजी संगणकीय चित्रांचा मोठ्या प्रमाणावर वापर करणाऱ्या आरंभीच्या मालिकांत तिची गणना होते.

व्हॉयेजर: पृथ्वीपासून सुमारे ७०,००० प्रकाशवर्षे दूर फेकल्या गेलेल्या यानाचा परतीचा प्रवास हा या मालिकेचा विषय आहे. केट मुलग्रू यांनी साकारलेली कॅप्टन जेनवे ही स्टार ट्रेक मालिकांतील पहिली स्त्री-नायिका कप्तान होय. एकाकी, साधनांची टंचाई असलेल्या यानाची कल्पना दीर्घ कथेला अनुकूल होती. प्रत्यक्षात यान बहुधा पुढील भागाच्या आरंभी पूर्ववत दिसे, हा या मालिकेवरील नेहमीचा आक्षेप आहे.

स्टारगेट एसजी-१ आणि फारस्केप: १९९४ च्या स्टारगेट या चित्रपटावरून तयार झालेल्या एसजी-१ मध्ये समकालीन पृथ्वीवरील सैनिक व शास्त्रज्ञ प्राचीन द्वारांतून अन्य ग्रहांवर जातात. फारस्केपचे चित्रीकरण ऑस्ट्रेलियात झाले. तिच्यातील काही परग्रहवासी पात्रे बाहुल्यांच्या साहाय्याने उभी केली होती, त्यामुळे ती रंगभूषा केलेल्या माणसांसारखी दिसत नाहीत.

तुलना आणि क्रमवारी

निकष बदलला की क्रमवारी बदलते. केवळ दीर्घायुष्य पाहिले, तर २१४ भागांची स्टारगेट एसजी-१ पहिली आणि ८८ भागांची फारस्केप अखेरची ठरते. एकेकट्या भागाचा विचार केल्यास द नेक्स्ट जनरेशनचे स्थान वरचे राहते. 'द इनर लाइट'सारखा भाग मालिकेची विशेष माहिती नसलेल्या प्रेक्षकालाही समजतो आणि पुरा वाटतो.

सलग कथानकाच्या निकषावर बॅबिलॉन ५ आणि डीप स्पेस नाईन यांच्यात चुरस असते. पहिलीत पूर्वनियोजन अधिक आहे. आरंभी हास्यास्पद वा दुष्ट वाटणारी लोंडो व जीकार ही पात्रे पाच वर्षांत पूर्णपणे वेगळ्या ठिकाणी पोहोचतात. दुसरीत सर्व काही आधी ठरलेले नव्हते, परंतु अभिनय, संवाद आणि दुय्यम पात्रांची घडण यांत ती अधिक समतोल मानली जाते. दोन्ही मालिका अंतराळस्थानकावर घडत असल्याने त्यांच्यातील साम्यावर चाहत्यांत वाद झाले. स्ट्राझिन्स्की यांनी आपली कल्पना डीप स्पेस नाईनच्या निर्मितीसंस्थेकडे आधीच मांडली होती, ही या वादाची पार्श्वभूमी होय.

शास्त्रीय शक्यतेच्या बाबतीत बॅबिलॉन ५ उजवी ठरते. तिच्यातील मानवनिर्मित स्थानक स्वतःभोवती फिरून कृत्रिम गुरुत्व निर्माण करते आणि छोटी लढाऊ याने जडत्वाचा नियम पाळतात. स्टार ट्रेकमध्ये गुरुत्व, प्रकाशापेक्षा अधिक वेग आणि वस्तूंचे क्षणात स्थलांतर या गोष्टी कथेच्या सोयीसाठी गृहीत धरलेल्या असतात.

भारतातील प्रसारण

मूळ स्टार ट्रेक मालिका १९८० च्या दशकात दूरदर्शनवर दाखवली गेली. त्याच दशकाच्या अखेरीस स्पेस सिटी सिग्मा ही अंतराळविषयक हिंदी मालिका आणि आनंद महेंद्रू यांची इंद्रधनुष ही मुलांसाठीची विज्ञानकथा मालिका दूरदर्शनवर आली. इंद्रधनुषमध्ये माथेरान येथे जन्मलेले गिरीश कर्नाड यांची भूमिका होती.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि प्रेक्षकवर्ग विभागला गेला. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत केबलमुळे इंग्रजी मालिका घरात पोहोचल्या. बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावांसाठी छपरावरील अँटेना आणि दूरदर्शनचे प्रक्षेपण हाच दूरचित्रवाणीचा मूळ मार्ग होता. दूरचित्रवाणी संच मोजक्या घरांत असत, शेजारीपाजारी तेथे जमत आणि ऐन वेळी वीज गेल्यास तो भाग हुकत असे. हुकलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय नसल्याने अशा प्रेक्षकासाठी स्वयंपूर्ण भागांची मालिका अधिक सोयीची होती. अमेरिकी केंद्रांनी व्यापारी कारणांसाठी मागितलेली रचना येथे वेगळ्याच कारणाने उपयोगी ठरली.

कॅप्टन व्योम

केतन मेहता दिग्दर्शित कॅप्टन व्योम ही मालिका १९९८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. शीर्षकभूमिकेत मराठी अभिनेते व मॉडेल मिलिंद सोमण होते, तर टॉम ऑल्टर यांनी विश्वप्रमुखाची भूमिका केली. इ.स. २१२३ मध्ये घडणाऱ्या या कथेत कारागृहातून निसटलेल्या बारा धोकादायक गुन्हेगारांना पकडण्याची कामगिरी व्योमवर सोपवली जाते.

रचनेच्या दृष्टीने ही मालिका मधला मार्ग स्वीकारते. प्रत्येक गुन्हेगाराचा पाठलाग ही एक मर्यादित कथा आहे आणि बाराजणांचा शोध हा सर्वांना जोडणारा धागा आहे. त्यामुळे मध्येच पाहू लागलेल्या प्रेक्षकालाही कथेत शिरता येते. संगणकीय दृश्ये, खर्च आणि पात्रांची खोली यांत ती समकालीन अमेरिकी मालिकांच्या तोडीची नाही. तथापि परिचित भाषा, भारतीय नावांचे नायक आणि केबलशिवाय मिळणारे प्रसारण यांमुळे तिची पोहोच वेगळी होती. अनेक भारतीय प्रेक्षकांच्या वैयक्तिक क्रमवारीत ती वरच्या स्थानी असते. ते स्थान समजून घेताना त्या वेळी निवडीसाठी समोर काय उपलब्ध होते, हेही पाहावे लागते.

मराठी विज्ञानकथेशी संबंध

मराठीत अंतराळविषयक कल्पना प्रामुख्याने छापील माध्यमातून रुजल्या. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्न यांच्या कथा मराठी मुलांपर्यंत आणल्या. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली व तिला पारितोषिक मिळाले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे आणि सुबोध जावडेकर हे या परंपरेतील अन्य महत्त्वाचे लेखक होत.

या परंपरेचा भर आकाशगंगेतील युद्धांपेक्षा एखाद्या वैज्ञानिक शक्यतेचा मानवी समाजावर होणाऱ्या परिणामांवर राहिला. नारळीकरांच्या 'प्रेषित' व 'वामन परत न आला' या कादंबऱ्यांत हे दिसते. अंतराळगाथेला लागणारी भव्य दृश्ये खर्चिक असतात, तर छापील कथेत प्रकाशवर्षांचे अंतर एका वाक्यात पार करता येते. नव्वदच्या दशकातील मराठी वाचक-प्रेक्षकाला त्यामुळे अंतराळाचे दोन वेगळे अनुभव मिळाले: पडद्यावर बहुधा हिंदी वा इंग्रजीत आणि पुस्तकांतून व दिवाळी अंकांतून मराठीत.

प्रभाव

पुढे ध्वनिचित्रमुद्रिका संच आणि महाजालावरील प्रसारणामुळे सर्व भाग क्रमाने पाहणे सुलभ झाले. परिणामी सलग कथानकाच्या मालिकांचे मूल्यमापन अधिक अनुकूल होऊ लागले. विशेषतः डीप स्पेस नाईन ही मालिका प्रथम प्रसारणाच्या काळापेक्षा नंतर अधिक नावाजली गेली. तिचे एक लेखक रोनाल्ड मूर यांनी २००४ मध्ये नियमित सुरू झालेल्या बॅटलस्टार गॅलॅक्टिका या मालिकेत सलग कथानकाची पद्धत पुढे नेली. भारतात दूरदर्शनवर २००२ मध्ये मुकेश खन्ना यांची आर्यमान ही अंतराळविषयक मालिका आली.