पडलेले आणि न बांधलेले

आमच्या ग्रंथालयात युरोपीय चित्रकलेवरचा एक जाडजूड ग्रंथ आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतल्या तासापुरता. तरीही पानीनी या चित्रकाराच्या १७३५ मधील एका चित्रापाशी मी थांबलो. रोममधील पँथिऑन, ट्रेजनचा स्तंभ, मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा, सारे एकाच चौकात! प्रत्यक्षात या गोष्टी शहरात निरनिराळ्या ठिकाणी आहेत.

अशा चित्रांना इटालियन भाषेत 'काप्रिच्चो' म्हणतात, म्हणजे लहर. सतराव्या-अठराव्या शतकांत त्यांना मोठी मागणी होती. रोम पाहून परतणारे धनिक, विशेषतः इंग्रज, ती विकत घेत. कोदात्सी नावाचा चित्रकार खांब-कमानी रंगवी आणि त्यांतली माणसे बहुधा दुसरा चित्रकार, रोममध्ये अनेकदा चेरक्वोत्सी, काढी. आमच्या शाखेला आवडावी अशी भागीदारी! पडकी इमारतच का, तर मला वाटते, ती आतून आणि बाहेरून एकदम दिसते. शिवाय भिंतीवर झुडूप आणि खाली शेळ्या दाखवल्या की वैभव व काळ दोन्ही एका नजरेत येतात.

हे डोक्यात घेऊनच मी सुट्टीत भोपाळला मावशीकडे गेलो. तिथून सुमारे ३० किलोमीटरवर, बेतवेकाठी भोजपूरचे शिवमंदिर आहे. अकराव्या शतकातल्या परमार राजा भोजाचे. सुमारे ४० फूट उंचीचे चार खांब, साडेसात फुटांचे शिवलिंग, आणि वर अर्धवट घुमट. हुबेहूब पानीनीचे चित्र! मावसभावाने विचारले, "दादा, हे कुणी पाडलं?" मी ऐटीत सांगून टाकले, "शत्रूने." त्याने ते शाळेच्या वहीतही लिहिले.

मग काकांनी आम्हाला देवळामागे नेले. तिथे मातीचा एक प्रचंड उतार आहे. अवजड शिळा वर चढवण्यासाठी तो रचला होता. काम संपले असते तर तो काढून टाकला असता. म्हणजे मंदिर पडलेले नव्हे, बांधून पुरेच झालेले नाही. जमाखर्चाच्या भाषेत, चालू कामाची नोंद मी मोडीत करून बसलो होतो. कन्नडमध्ये 'हाळु हंपे' म्हणतात, उजाड हंपी. तो 'हाळु' शब्द इथे लागू पडत नाही.

सर्वांत नवल आसपासच्या खडकांवर आहे. खांब, शिखरे, मंदिरांचे आराखडे तिथे रेषांनी कोरले आहेत. कारागिरांसाठीचे हे नकाशेच. त्यांतल्या पुष्कळ गोष्टी तिथे कधी उभ्या राहिल्या नाहीत. ज्याच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे, त्या राजाच्या गावी हे सापडावे! पानीनीने बांधलेल्या रोमची लहरीने मांडणी बदलली. इथे न बांधलेले देऊळ दगडावर राहिले. काम का थांबले, याविषयी तर्कच आहेत. मी तर आधी त्या रेषांवरून बूट घालून चाललो होतो. काकांनी हात धरून बाजूला ओढले.

परतल्यावर मावसभावाला फोन करून वहीतले वाक्य खोडायला सांगितले. तो म्हणाला, "बाईंनी त्यावर बरोबरची खूण केलीय." आता तो बाईंना उताराबद्दल सांगणार आहे.