अण्णांची रायफल

नागपुराहून अमरावतीच्या रस्त्यानें निघालें म्हणजे शहराला लागूनच आमची वाडी लागते. शेजारीं अंबाझरीचा आयुध-कारखाना आहे. आमच्याकडील लोक त्या सगळ्या परिसरास नुसतें ‘डिफेन्स’ असें म्हणतात. अशा गांवीं राहूनही, पस्तीस वर्षें मुलांस शब्दरूपें व त्रैराशिक शिकविण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्या निवृत्त मास्तराचा बंदुकीशीं संबंध येण्याचें वस्तुतः कांहींच कारण नव्हतें. तो आला आमच्या घरांतील एका वादामुळें.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी कॉलेजांत एन.सी.सी.मध्यें असतांना नेमबाजी शिकली. पन्नास मीटरांवर लहान, म्हणजे .२२च्या रायफलीनें ती नेम मारते. गेल्या हिंवाळ्यांत तिच्या मनानें घेतलें कीं, आतां तीनशें मीटरांच्या पल्ल्याकडे वळावें. तिच्या वडिलांनीं परदेशी रायफलीची चौकशी केली, तों किंमत लाखांच्या घरांत निघाली. मुलीच्या नांवें ठेवलेली ठेव मोडण्याची त्यांची तयारी होती. हें कानीं येतांच आमचे वडील बंधु अण्णा ताडकन् म्हणाले, “घरांत रायफल असतांना बाहेर कशाला धुंडायची? माझी घ्या!”

अण्णांची रायफल म्हणजे आमच्या घरांतील एक दैवतच. तरुणपणीं त्यांनीं दूरच्या बांधावरचें मडकें एका गोळीनें फोडलें, ही कथा आम्ही सर्वांनीं इतक्या वेळां ऐकली आहे कीं, तें मडकें दर वर्षीं थोडें थोडें दूर जात असावें, असा मला संशय आहे! त्यांचें म्हणणें नाकारावें तर वडीलधाऱ्याचा अपमान. स्वीकारावें तर मुलीचीं दोन वर्षें वायां जाण्याची भीति. शेवटीं वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, तुम्ही मास्तर. गणित मांडा नि काय तें एकदां सांगून टाका. दोन दिवस घरांत कोणी धड जेवलेलें नाहीं.”

द्रोणाचार्यांनीं झाडावरचा पक्षी दाखवून परीक्षा घेतली ती शिष्यांची, धनुष्याची नव्हे. आमच्यावर धनुष्याची परीक्षा घेण्याची वेळ आली.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. अण्णांची रायफल .३१५ची, बंगालमधील इच्छापूरच्या सरकारी कारखान्यांत घडलेली. तिची घडण जुन्या ली-एन्फील्ड रायफलीची. हींत प्रत्येक गोळीनंतर हातानें बोल्ट उचलून मागें ओढावा लागतो. रिकामें काडतूस बाहेर पडतें, आणि बोल्ट पुढें ढकलला कीं नवें काडतूस नळींत जाऊन दार बंद होतें. इंग्रजी अमदानींत फौजेचें काडतूस .३०३चें होतें. तें खासगी माणसाच्या हातीं पडूं नये म्हणून त्या मापाच्या बंदुका सामान्य नागरिकांस वर्ज्य झाल्या, आणि शिकारीसाठीं व शेताच्या राखणीसाठीं .३१५चें निराळें माप रूढ झालें. त्याचीं काडतुसें पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यांत होत आलीं. त्यांच्या बुडावरील ‘केएफ’ हीं अक्षरें खडकीचींच. १९७२च्या वन्यजीव-संरक्षण कायद्यानें शिकारीचे दिवस संपले. पण अनेक घरांत या रायफली परवान्यासह राहिल्या.

ली-एन्फील्डच्या बोल्टाला अडकवून धरणारे कान मागच्या बाजूस असतात. जर्मन माउझरच्या घडणींत ते पुढें, काडतुसाच्या अगदीं मागें असतात. पुढें पकड असली म्हणजे स्फोटाच्या वेळीं बोल्ट कमी दबतो. म्हणून आजच्या नेमबाजीच्या रायफली बहुशः दुसऱ्या वळणाच्या असतात. उलट पहिल्या वळणांत बोल्ट झरझर चालतो, आणि फौजेला तेंच हवें होतें. प्रत्येक हत्याराची घडण त्याच्या कामाकडे पाहून झालेली असते. काम बदलून मग हत्याराला नांव ठेवणें हा न्याय नव्हे.

आतां अचूकपणा मोजावयाचा कसा? येथें मला आपल्या ज्योतिषशास्त्राचा उपयोग झाला. एका अंशाच्या साठ कला होतात. नेमबाज रायफलीची कसोटी याच कलेनें करतात. एक कला म्हणजे शंभर मीटरांवर २.९ सेंटिमीटर, तीनशें मीटरांवर ८.७, आणि सहाशें मीटरांवर साडेसतरा. एकाच ठिकाणीं नेम धरून दहा गोळ्या झाडाव्या, आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर मोजावें. तें किती कलांचें भरतें तेवढा त्या रायफलीचा, काडतुसाचा व माणसाचा मिळून दोष. ‘मिळून’ हा शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

पुष्कळ लोक तीनच गोळ्या झाडतात व तीं छिद्रें जवळ आलीं कीं हर्ष मानतात. तीन गणितें बरोबर सोडविलीं म्हणून मी कधीं कोणा मुलास पहिला नंबर दिला नाहीं. गोळ्या वाढवीत गेलें म्हणजे पसाराही वाढतो, आणि हत्याराचें खरें रूप त्या पसाऱ्यांतच दिसतें.

आमच्या शेजारीं एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांच्या ओळखीनें रीतसर परवानगी काढून आम्ही एके दिवशीं सकाळीं चांदमारीवर गेलों. वारा नव्हता. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून शंभर मीटरांवर अण्णांनीं दहा गोळ्या झाडल्या. पुतणी वही घेऊन प्रत्येक गोळीची जागा टिपीत होती. कागद आणला तेव्हां छिद्रांचा पसारा जेवणाच्या ताटाएवढा! अण्णांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “पहिली गोळी धरूं नका. नळी थंड होती.” मी कांहीं बोलणार इतक्यांत पुतणी हळूच म्हणाली, “अण्णा, स्पर्धेंत वाईट गोळी पुसतां येत नाहीं हो.” वहींत ती गोळी तशीच राहिली.

सुभेदार म्हणाले, “मास्तर, एका वेळीं एकच गोष्ट बदलायची. नाहीं तर दोष कोणाचा तें कधींच कळणार नाहीं.” तर्कशास्त्रांतील हा अन्वय-व्यतिरेकाचा नियम सुभेदारांस चांदमारीनें शिकविला होता.

त्यांनीं प्रथम रायफल उलटी करून दस्त्याचे व नळीखालच्या लांकडाचे स्क्रू पाहिले. दोन सैल होते. नागपूरच्या उन्हाळ्यांत लांकूड वाळून आखडतें, पावसाळ्यांत फुगतें. आणि तें नळीस एकदां येथें, एकदां तेथें टेकूं लागलें म्हणजे गोळीगणिक नळीचा कंप बदलतो. वर्षांतून एकदां स्क्रू पाहणें हें आमचें काम होतें. तें आम्हीं केलें नव्हतें.

मग काडतुसांची पेटी पाहिली. तींत निरनिराळ्या वर्षांचीं काडतुसें एकत्र झालेलीं. यानें काय बिघडतें, तें गणितानें पाहावें. गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर धरला व हवेचा अडथळा सोडून दिला, तरी तीनशें मीटर जाईतों ती ६९ सेंटिमीटर खालीं येते. वेग ७८० असेल तर साडेबहात्तर. म्हणजे वीस मीटरांच्या फरकानें तीनशें मीटरांवर साडेतीन सेंटिमीटर, आणि सहाशें मीटरांवर चौदा सेंटिमीटर अंतर पडलें! पल्ला दुप्पट झाला, चूक चौपट झाली. हवेचा अडथळा जमेस धरला तर फरक याहून वाढेल. म्हणून नेमबाज एकाच घाण्याचीं काडतुसें राखून वापरतात.

तिसरी गोष्ट सांगणें मला जड जातें. सुभेदारांनीं अण्णांस रायफल स्वतः भरून देण्यास आरंभ केला, आणि मध्येंच एकदां त्यांच्या नकळत झाडलेलें रिकामें काडतूस घातलें. अण्णांनीं चाप ओढला. आवाज झाला नाहीं. पण नळीचें टोंक मात्र खालीं झुकलेलें आम्हां सर्वांस दिसलें. धक्का येणार या भीतीनें खांदा आधींच पुढें येत होता. वयाबरोबर ही खोड केव्हां लागली, हें अण्णांसही ठाऊक नव्हतें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “सुभेदार, आतां तुम्ही झाडा. मला पाहूं द्या.”

स्क्रू घट्ट केलेले, काडतुसें एकाच वर्षाचीं, आणि खांदा सुभेदारांचा. दहा गोळ्यांचा पसारा आमटीच्या वाटीएवढा आला, म्हणजे जवळजवळ तीन कला. पन्नाशीकडे आलेल्या त्या रायफलीनें, उघड्या माशीवर व मागच्या खांचेवर नेम धरून, हें करून दाखविलें. ज्या कामासाठीं ती घडली त्या कामाला तें भरपूर आहे.

परंतु आमचा प्रश्न तीनशें मीटरांचा होता. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें तीनशें मीटरांच्या लक्ष्यावर दहा गुणांचें वर्तुळ दहा सेंटिमीटर व्यासाचें असतें, नवाचें वीस, आठाचें तीस. तीन कलांचा पसारा त्या अंतरावर सव्वीस सेंटिमीटर होतो. म्हणजे नेमबाज निर्दोष असला तरी कांहीं गोळ्या आठांत जाणारच, आणि चूक आपली कीं रायफलीची हें शिकणाराला उमजणार नाहीं. शिक्षणाच्या दृष्टीनें गुण बुडण्यापेक्षां हें न उमजणें अधिक घातक. शाळेंत चुकीच्या फूटपट्टीनें भूमिति शिकवितां येत नाहीं.

“म्हणजे परदेशीच घ्यावी लागणार,” धाकटा भाऊ म्हणाला. ठेवीची पावती त्याच्या डोळ्यांपुढें असावी. पण घरीं येऊन मीं वहींत आणखी एक त्रैराशिक मांडलें होतें. पन्नास मीटरांच्या लक्ष्यावरील दहाचें वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. तें डोळ्याशीं किती कोन करतें? सुमारें पाऊण कला. आणि तीनशें मीटरांवरचें दहा सेंटिमीटरांचें? एक कला व वर थोडें. वाचकांस आश्चर्य वाटेल, मलाही वाटलें: मुलगी आज ज्या वर्तुळाचा वेध घेते, तें दूरच्या वर्तुळापेक्षां कोनानें लहान आहे! दूरचा पल्ला मोठा वारा, मोठा धक्का आणि मोठा खर्च यांची भर घालतो. पण नेमाचें बारीक काम पन्नास मीटरांवर अधिकच कसोटीचें आहे.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें जागतिक स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें तें पन्नास मीटरांवर. कोल्हापूर जिल्ह्यांतीलच स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत कांस्यपदक मिळविलें तेंही पन्नास मीटरांवरच. तीनशें मीटरांची स्पर्धा ऑलिंपिकांत १९७२ नंतर झालेली नाहीं. आपल्या देशांतील राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ सालीं स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापति दादासाहेब मावळंकर. कायद्याचा पंडित बंदुकीच्या खेळाची संघटना उभारतो, यांत विसंगति नाहीं. हा खेळ मुळीं नियमाचा व संयमाचाच आहे.

रात्रीं जेवणें झाल्यावर मीं निकाल सांगितला. ठेव मोडूं नये. मुलीनें आणखी दोन वर्षें पन्नास मीटरांवरच काढावीं, एकाच घाण्याचीं काडतुसें घ्यावीं, आणि दहा दहा गोळ्यांचा हिशेब वहींत ठेवावा. तिच्या हातचा पसारा एका कलेच्या आंत राहूं लागला, म्हणजे नव्या रायफलीचा विचार करावा. तेव्हां ती रायफलीच्या योग्यतेची झालेली असेल. अण्णांची रायफल अण्णांच्याच परवान्यावर राहावी, आणि तिचे स्क्रू दर पावसाळ्यानंतर पाहावे.

पुतणी थोडी हिरमुसली, पण तिनें वाद घातला नाहीं. आम्हां सर्वांचें लक्ष अण्णांकडे होतें. त्यांनीं वही मागून घेतली, चष्मा लावला, आणि पहिल्या दिवसाचें तें ताटाएवढ्या पसाऱ्याचें पान काढलें. पहिल्या गोळीच्या नोंदीवर त्यांचें बोट थांबलें. मग खिशांतून पेन काढून त्यांनीं पानाखालीं आपली सही केली व तारीख घातली.

“मडक्याचें अंतर साठ पावलें होतें,” ते म्हणाले. “एवढेंच. आणि तें मडकें मोठें होतें.”

वहिनी आंतून म्हणाल्या, “उद्यां पुरणपोळी करतें.”