तिकिटावरचा वेळ आणि घरापासूनचा वेळ

खडकवासल्याहून जळगावच्या सराफ बाजारात जाणाऱ्या व्यापाऱ्यास मोटारीने सुमारे ४०० किलोमीटर अंतर कापावे लागते; त्यात आठ-नऊ तास सहज जातात. २०२४ मध्ये पुणे–जळगाव विमानसेवा सुरू झाली, तेव्हा हा प्रवास तासाभरावर आल्याचे अनेकांस वाटले.

लोहगाव आणि जळगाव विमानतळांतील सरळ हवाई अंतर सुमारे ३२० किलोमीटर आहे. एटीआर जातीचे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. नुसता भागाकार केल्यास ३८ मिनिटे येतात, म्हणजे एका सामायिकाहूनही कमी. तिकिटावर मात्र तासाभराचा अवधी असतो. कारण विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो.

घरापासूनचा हिशोब आणखी निराळा. शहर ओलांडून लोहगाव गाठण्यास दीड तास, विमानतळावर दीड तास, उड्डाणाचा एक तास, उतरल्यावर बाजारापर्यंत पाऊण तास; एकूण पावणेपाच तास. बचत होते ती साडेतीन-चार तासांची, सात तासांची नव्हे.

चौविहार पाळणाऱ्यांनी हा हिशोब सूर्यास्तापासून उलटा मांडावा. हिवाळ्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. समजा, विमान चारला सुटून पाचला पोहोचणार आहे. अर्ध्या तासाचा विलंब झाला, तरी ताटावर बसण्यापूर्वीच सूर्य अस्तास जातो. अशा वेळी शिदोरी सोबत असावी; अन्यथा पहाटे निघणारी मोटारच बरी.